पंधरा मिनिटांचा निबंध : सीमाभागातील संशोधन परिषदेपर्यंत कसे पोहोचते

शोधनिबंध हा ग्रंथाहून लहान आणि व्याख्यानाहून बांधीव असा लेखनप्रकार आहे. एक प्रश्न, त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी साधने आणि त्या साधनांवरून निघणारा एक निष्कर्ष एवढाच त्याचा आवाका असतो, आणि तो छापण्यापूर्वी जाणकारांच्या सभेत वाचून दाखवावा, तेथे शंका घेतल्या जाव्यात, ही प्रथा मराठी मुलखाला नवी नाही. १९१० साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून मंडळाच्या बैठकींत टिपणे वाचली जात आणि ती पुढे मंडळाच्या इतिवृत्तांत व संमेलनवृत्तांत छापली जात. नोव्हेंबर १९१९ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या यजमानपदाखाली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची निवड झाली. पुढे १९३५ साली, मंडळाच्या पंचविशीच्या वर्षी, आज इंडियन हिस्टरी काँग्रेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिषदेचे पहिले अधिवेशनही मंडळानेच भरवले. आधी सारांश पाठवायचा, मग सभेत वाचन व चर्चा आणि शेवटी कार्यवृत्तात छपाई हा आज सर्वत्र रूढ असलेला क्रम अशा अधिवेशनांतूनच अंगवळणी पडला.

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील अभ्यासकापुढे मात्र या क्रमाआधीच एक अडचण उभी राहते. त्याच्या विषयाची साधने एका राज्यात, विद्यापीठ दुसऱ्या राज्यात आणि ज्या परिषदेत त्या विषयाचे जाणकार बसतात ती तिसऱ्याच भाषेत, अशी ही स्थिती आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला : बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात आला; अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले; नारायणखेड तालुका आणि झहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. त्यामुळे १९५६ पूर्वीच्या 'बिदर जिल्ह्या'विषयी केलेले कोणतेही विधान आजच्या बिदर जिल्ह्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. जनगणनेचे, शाळांचे किंवा महसुलाचे जुने आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवून वाढ वा घट दाखवणारा निबंध या एकाच कारणाने कोसळू शकतो, कारण दोन आकड्यांमागचा प्रदेशच वेगळा असतो. सीमाभागावरील निबंधाच्या पहिल्या पानावर आपण कोणत्या काळातील कोणत्या हद्दीविषयी बोलत आहोत हे सांगणारे एक वाक्य असावेच लागते.

त्याआधीचे काम म्हणजे प्रश्न ठरवणे. विषय आणि प्रश्न यांत नवशिक्या संशोधकाची सर्वाधिक गल्लत होते. 'कल्याणीचा मध्ययुगीन इतिहास' हा विषय झाला. त्यावर ग्रंथ लिहिता येतो, पंधरा मिनिटांचा निबंध लिहिता येत नाही. आज बसवकल्याण म्हणून ओळखली जाणारी कल्याणी ही अकराव्या-बाराव्या शतकांत उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती. विज्ञानेश्वराची मिताक्षरा तेथे लिहिली गेली आणि सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लासही त्याच राजसभेचा. एवढ्या वैभवाचे दडपण असे की लिहिणारा सारे काही सांगू पाहतो आणि निबंध माहितीपुस्तिका होऊन बसतो. याउलट त्याच गावातील एका शिळेकडे पाहता येईल. शके १२४८, म्हणजे इसवी सन १३२६ मधील एक संस्कृत शिलालेख कल्याणी येथे मिळाला असून तो मुहम्मद बिन तुघलकाच्या कारकिर्दीतील आहे. गडबडीच्या काळात मधुकेश्वर या शिवालयाची नासधूस झाल्यावर स्थानिक मंडळींनी तेथील अधिकारी ख्वाजा अहमद याच्याकडे दाद मागितली आणि त्याने देवालयाची पूजाअर्चा पुन्हा सुरू करण्यास अनुमती दिली, असा त्या लेखाचा आशय आहे. पी. बी. देसाई यांनी तो एपिग्राफिया इंडिका या पुरालेखविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि नंतर रिचर्ड ईटन यांनी मंदिरे व सुलतानी राज्ये यांच्या संबंधांविषयी लिहिताना त्याचा आधार घेतला.

या एका लेखावरून निदान तीन वेगळे निबंध संभवतात. सत्ता बदलल्यानंतर थोड्याच वर्षांत स्थानिक तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणारी माणसे कोण होती, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न. नव्या राज्यकर्त्यांची अरबी-फारसी नावे आणि पदे संस्कृत लेखात कोणत्या रूपांत बसवली गेली, हा भाषेचा प्रश्न. देवालयाची पूजाअर्चा पुन्हा सुरू करण्यास परवानगी देण्याचा अधिकार ख्वाजा अहमदकडे कोणत्या नात्याने आला, हा प्रशासनाचा प्रश्न. तिन्हींची उत्तरे एकाच निबंधात देऊ पाहणाऱ्याला एकाचेही उत्तर धड देता येत नाही. मोहाचे चौथे टोकही येथेच आहे : या एका शिळेवरून तुघलकांचे धार्मिक धोरण उदार होते असे ठोकून देणे, किंवा नासधुशीच्या उल्लेखावरून नेमके उलटे ठोकून देणे. एका लेखातून एका गावातला, एका वर्षातला, एका अधिकाऱ्याचा निर्णय कळतो, आणि जो निबंध तेवढेच सांगतो त्यावर परीक्षक विश्वास ठेवतात. सीमाभागातील इतिहासलेखनाला आजच्या राजकीय वादांची झळ लवकर लागते, म्हणून हा संयम तेथे विशेष उपयोगी पडतो.

प्रश्न ठरल्यावर साधनांचा शोध सुरू होतो आणि या भागात त्याचा अर्थ अनेक लिपींशी व अनेक कालगणनांशी झुंजणे असाच असतो. चालुक्यकालीन कन्नड शिलालेखांपैकी बरेच सहाव्या विक्रमादित्याने १०७६ साली सुरू केलेल्या चालुक्य विक्रम शकात आहेत, आणि त्या शकाच्या वर्षात १०७५ मिळवले की स्थूलमानाने इसवी सन मिळतो. बहमनी व बरीदशाही काळातील फारसी लेख हिजरी सनाचे असून हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते सहसा दोन इसवी वर्षांत विभागले जाते. म्हणूनच महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षे आडव्या रेघेने जोडून द्यावीत, असा संकेत आहे. हैदराबाद संस्थानच्या महसुली कागदांत फसली सन येतो; त्यात ५९० मिळवावे लागतात, आणि फसली वर्षही दोन इसवी वर्षांत पसरलेले असते. या संस्थानात वरच्या पातळीवरचा कारभार आधी फारशीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत चाले, तर गावपातळीवरची कुलकर्ण्यांची दप्तरे मोडी मराठीत किंवा कन्नडमध्ये सापडतात. हे सारे एका माणसाला वाचता येणे दुर्मीळ, आणि तसे येते असा आव आणणे हा निबंधातला सर्वांत सहज उघडा पडणारा दोष. फारसी लेखाचे वाचन दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर तसे तळटीपेत नोंदवावे. गुलाम यझदानी यांचा बिदरच्या इतिहासावरील व वास्तूंवरील १९४७ चा ग्रंथ, हैदराबाद पुरातत्त्व मालेत १९५८ साली निघालेला पी. बी. देसाई यांचा कन्नड जिल्ह्यांतील लेखांचा संग्रह, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूर येथील पुरालेख शाखेची आणि अरबी-फारसी लेखांसाठी नागपूर येथील शाखेची प्रकाशने, हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागार, पुण्याचे पेशवे दप्तर एवढी ठिकाणे तपासल्याशिवाय 'यावर अद्याप काम झालेले नाही' हे वाक्य लिहू नये. ते वाक्य बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने शोधले नाही एवढेच सांगते.

छापलेले वाचनही अंतिम नसते, याचे उदाहरण कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. चित्तापूर तालुक्यात भीमाकाठी सन्नती येथे १९८६ साली चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले, मूर्ती भंगली आणि तिच्याखाली पीठ म्हणून वापरलेली शिळा उघडी पडली. त्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. के. व्ही. रमेश यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले, त्यानंतर के. आर. नॉर्मन यांनी त्या लेखांचा पुन्हा स्वतंत्र अभ्यास मांडला. जवळच्या कनगनहळ्ळी येथील उत्खननात तर 'रायो असोको' असा उल्लेख असलेले शिल्पपट मिळाले. एखाद्या लेखाचे आधीचे वाचन जेथे मान्य नाही तेथे मूळ अक्षरे, जुने वाचन आणि आपले वाचन शेजारी ठेवून दाखवणे ही परिषदेतील निबंधाची अगदी योग्य सामग्री होय, कारण जाणकारांसमोर ते पडद्यावर दाखवता येते आणि तेथल्या तेथे तपासलेही जाते.

आता परिषद निवडण्याविषयी. परिषदेच्या आयोजकांकडून जे निवेदन निघते त्यात मुख्य विषय, उपविषय, सारांशाची मुदत, पूर्ण निबंधाची मुदत, शब्दमर्यादा, नोंदणी शुल्क आणि भाषा दिलेल्या असतात. निवेदन वाचताना पहिली नजर शुल्काकडे जाते खरी. परंतु परीक्षण समितीत कोण आहे आणि मागील अधिवेशनाचे कार्यवृत्त छापले गेले आहे की नाही, या दोन गोष्टी आधी पाहायला हव्यात. इंडियन हिस्टरी काँग्रेससारख्या जुन्या संस्थेत निबंध वाचण्यासाठी सदस्यत्व घ्यावे लागते आणि प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, पुरातत्त्व अशा विभागांपैकी आपला निबंध कोठे बसतो हे आधी ठरवावे लागते. कल्याणीच्या शिलालेखाचा निबंध मध्ययुगीन विभागात जाईल, तर सन्नतीचा प्राचीन किंवा पुरातत्त्व विभागात. कलबुर्गीला १९७० साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र म्हणून सुरू झालेले आणि १९८० पासून स्वतंत्र असलेले गुलबर्गा विद्यापीठ आहे, आळंद तालुक्यात कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. सीमेपलीकडे नांदेड, सोलापूर आणि हैदराबाद येथे विद्यापीठे आहेत. चारही दिशांना परिषदा भरतात, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून दोन जिल्हा ठिकाणांतील ये-जा तरी सोपी झाली आहे. निबंध कन्नड परिषदेत वाचावा की मराठी, हा प्रश्न भावनेचा मानला जातो, पण तो साधनांवरून सोडवणे बरे : ज्या भाषेतील जाणकार आपल्या साधनांना आव्हान देऊ शकतील त्या भाषेची परिषद निबंधाला अधिक उपयोगी. मोडी कागदांवर उभा असलेला निबंध केवळ कन्नड श्रोत्यांपुढे वाचला तर टाळ्या मिळतील, दुरुस्त्या मिळणार नाहीत. उलट कन्नड शिलालेखांवरचा मराठी निबंध नांदेडला वाचून लेखक निर्धास्त परत येईल आणि धारवाडच्या एखाद्या वाचकाने पहिल्याच ओळीत चूक काढेपर्यंत निर्धास्तच राहील.

परिषदांची संख्या वाढण्यामागे नियमांचाही हात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत किंवा चर्चासत्रांत दोन निबंध वाचणे आणि परीक्षित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे होते. २०२२ च्या विनियमांत ही सक्ती राहिली नाही. सक्तीच्या काळात एका दिवसाची, नावाला आंतरराष्ट्रीय, सर्वांना स्वीकारणारी आणि प्रमाणपत्रासह आयएसबीएन क्रमांकाचे पुस्तक देणारी चर्चासत्रे बोकाळली. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक असून तो पुस्तकाच्या विक्री-वितरणासाठी दिला जातो, मजकूर कोणी तपासला याची ग्वाही त्यात नसते. अशा पुस्तकात अडकलेला चांगला निबंध पुढे नामांकित नियतकालिकात छापता येत नाही, कारण तो आधीच प्रसिद्ध झालेला मानला जातो. नुकसान होते ते चांगल्या निबंधाचेच.

सारांश, ज्याला गोषवारा असेही म्हणतात, हा निबंधाचा सर्वांत छोटा आणि सर्वांत निर्णायक भाग होय, कारण बहुतेक परिषदांत निवड त्याच्यावरूनच होते. अडीचशे ते तीनशे शब्दांत प्रश्न, त्याविषयी आजवर काय म्हटले गेले, कोणती साधने वापरली, काय निष्पन्न झाले आणि त्याची मर्यादा काय, हे क्रमाने यावे. भारतीय संस्कृती किती प्राचीन आहे किंवा बिदर हे किती ऐतिहासिक शहर आहे, अशा वाक्यांत पहिले शंभर शब्द खर्ची पडले की परीक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. 'प्रस्तुत निबंधात विचार केला जाईल' हे भविष्यकाळी वाक्य काम अजून झालेले नसल्याची कबुली असते; सारांशात निष्कर्ष हवा, बेत नको. शेवटी दिल्या जाणाऱ्या बीजशब्दांत, म्हणजे ज्यांवरून निबंध शोधला जाईल अशा चार-सहा शब्दांत, या भागापुरती एक काळजी घ्यावी लागते. २०१४ साली गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले, कल्याणीचे बसवकल्याण त्याआधीच झाले होते, आणि पूर्वी हैदराबाद-कर्नाटक म्हटला जाणारा प्रदेश २०१९ पासून कल्याण-कर्नाटक आहे. जुने नाव वगळले तर जुने संशोधन करणाऱ्याला निबंध सापडत नाही आणि नवे वगळले तर नव्याला, म्हणून दोन्ही द्यावीत.

पूर्ण निबंध लिहिताना वाचनाची वेळ डोळ्यांसमोर ठेवावी लागते. पंधरा मिनिटे मिळाली आणि मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द या स्वस्थ गतीने वाचले तर पंधराशे ते सुमारे एकोणीसशे शब्दच सभेपुढे जातात, तर छापण्यासाठी मागितलेला मजकूर तीन ते पाच हजार शब्दांचा असतो. म्हणजे एकाच संशोधनाची दोन संहितारूपे तयार करावी लागतात. मोठी संहिता भरभर वाचण्याचा प्रयत्न हा सभेचा आणि स्वतःचाही अपमान होय. छापील संहितेत प्रस्तावना, पूर्वाभ्यास, साधनांची चिकित्सा, विवेचन व निष्कर्ष हा सांगाडा असतो. वाचण्याच्या संहितेत पूर्वाभ्यास दोन वाक्यांत आटोपून साधनावर वेळ घालवावा, कारण ऐकणाऱ्यांना नवे तेवढेच असते.

मजकूर टंकित करण्याच्या बाबतीत मराठी आणि कन्नड दोन्हींकडील लेखक एकाच खड्ड्यात पडतात. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी किंवा नुडीच्या जुन्या कन्नड टंकात लिहिलेला मजकूर संगणकात प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांनी साठवलेला असतो. तो टंक नसलेल्या यंत्रावर पान उघडले की अर्थहीन चिन्हे दिसतात आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीला तो मजकूर मराठी म्हणून वाचताच येत नाही. त्यामुळे निबंध युनिकोडमध्येच लिहावा, रूपांतर केले असेल तर ळ, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, आणि शिलालेखातील उतारे वेगळ्या लिपीत असतील तर त्यांची चित्रप्रत सोबत जोडावी. वाङ्मयचौर्याविषयी आयोगाचे २०१८ चे विनियम लागू असून त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, दहा ते चाळीस टक्क्यांसाठी निबंध मागे घ्यावा लागतो आणि त्यापुढे शिक्षा वाढत जातात. मात्र यंत्राने दिलेला आकडा म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. कन्नड ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर घातला तर बहुधा यंत्राला तो दिसणार नाही, पण सीमाभागातील दोन्ही भाषा जाणणाऱ्या पहिल्याच वाचकाला तो दिसेल. आणि असे वाचक येथे पुष्कळ आहेत.

निबंध सादर झाल्यावर तो परीक्षकांकडे जातो. परीक्षण उभयपक्षी नामगुप्त असेल, म्हणजे लेखकाला परीक्षक आणि परीक्षकाला लेखक माहीत नसेल, तर निबंधाच्या पानांवर, तळटीपांत आणि संगणकीय फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचे नाव राहता कामा नये. 'मागील लेखात प्रस्तुत लेखकाने दाखवल्याप्रमाणे' हे निरुपद्रवी वाक्यही ओळख उघड करते. परीक्षकांचे शेरे आले की प्रत्येक शेऱ्यापुढे काय बदल केला, किंवा का केला नाही, हे लिहून ते पत्रक सुधारित निबंधासोबत पाठवण्याची पद्धत आहे. शेरा चुकीचा वाटला तरी परीक्षकाला तसे का वाटले याचा शोध घ्यावा. पुष्कळदा वाक्यरचनाच गैरसमजाला कारण झालेली असते.

प्रत्यक्ष वाचनाच्या सत्रात अध्यक्ष वेळ संपण्यापूर्वी एकदा घंटी वाजवतात आणि संपल्यावर दुसऱ्यांदा. दुसऱ्या घंटीनंतर निष्कर्ष सांगायचा राहिला असेल तर निबंध वाचलाच गेला नाही असे समजावे, म्हणून जाणते वाचक निष्कर्ष आरंभीच एका वाक्यात सांगून टाकतात. पडद्यावर शिलालेखाचा ठसा, नकाशा आणि वाचन यांपलीकडे फारसे काही नसावे. मजकूर पडद्यावर ठेवून तोच मोठ्याने वाचणे हा प्रकार अनेक सत्रांत पाहायला मिळतो आणि तो कोणालाच आवडत नाही. प्रश्नोत्तरांत मिळालेल्या सूचना त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात, सूचना देणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे आणि ती स्वीकारल्यास छापील निबंधात तिची नोंद करावी. कार्यवृत्तासाठी सुधारित संहिता पाठवण्याची मुदत सहसा अधिवेशनानंतर काही आठवड्यांची असते. ती चुकली तर निबंध वाचल्याची नोंद कार्यक्रमपत्रिकेत राहते, निबंध मात्र ग्रंथालयात पोहोचत नाही. संहिता पाठवतानाच पुनर्मुद्रणाचा हक्क कोणाकडे राहील हे लेखी विचारून घ्यावे, कारण पुढे त्याच निबंधाचा विस्तार करून तो नियतकालिकाकडे पाठवायचा असेल किंवा मराठी निबंध कन्नडमध्ये आणायचा असेल, तर परवानगीचे ते पत्र लागते.